मुक्कामालाच गाव समजू नका

विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की वस्तीत एकच गडबड उडते. कुणी पंचशील ध्वज धुऊन इस्त्री करून आणतो, कुणी खीरदानाची वर्गणी गोळा करतो, आयाबाया पांढऱ्या साड्या काढून ठेवतात. स्मरणिकेसाठी लेख लिहायचं आमच्यावर आलं, तेव्हा बाबासाहेबांच्या जीवनपटावर दोन पानं लिहून मोकळं व्हावं, असंच आधी वाटलं होतं. पण त्याच आठवड्यात एक वाक्य आमच्या कानावर तीन वेगवेगळ्या घरांत पडलं. "आता काय कमी हाय आपल्याला? पोरगं नोकरीला लागलं, घर झालं, बस झालं की!"

वाक्य खोटं नाही. ज्यांच्या आज्याने पाटलाच्या दारात भाकर मागितली, त्यांना पक्क्या घराचं अप्रूप वाटणारच. त्या समाधानाला नावं ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण 'बस झालं' हा शब्द मनात खुपत राहिला. आपला इतिहास चाळून पाहिला, तर तो 'बस झालं' न म्हणणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. मिळालेलं हातात धरून ते बसले असते, तर आज आपण या विहारात जमलोच नसतो. तो इतिहास आपल्या हिंगोली-परभणीच्या वाटेने कसा आला, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

तथागतांनी काय काय सोडलं

सिद्धार्थाने राजवाडा सोडला, एवढं आपल्या लेकरांना पाठ असतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याचं कारणही सांगितलं आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घाबरला, ही गोष्ट त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटलं, युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावं लागलं, अशी मांडणी त्यांनी केली. म्हणजे निघतानाच त्याच्या डोळ्यापुढे माणसामाणसांतला झगडा होता.

पण राजवाडा सोडल्यानंतर त्याने आणखी काय काय सोडलं, हे आपण फारसं सांगत नाही. मज्झिम निकायात 'अरियपरियेसन सुत्त' आहे. अरियपरियेसन म्हणजे श्रेष्ठ शोध. त्यात तथागत स्वतःची हकिकत सांगतात. ते आधी आळार कालाम या आचार्यांकडे गेले. आचार्यांनी जे शिकवलं ते त्यांनी थोड्याच काळात आत्मसात केलं. आळार कालाम इतके खूश झाले की म्हणाले, चला, आपण दोघं मिळून हा शिष्यसमुदाय सांभाळू. विद्यार्थ्याला गुरूने आपल्या शेजारी आसन द्यावं, यापेक्षा मोठा मान कोणता? पण सिद्धार्थाने पाहिलं की या विद्येने दुःखाचा शेवट होत नाही. त्यांनी निरोप घेतला. पुढे ते उद्दक रामपुत्ताकडे गेले. तिथे तर त्यांना सगळ्या समुदायाचं आचार्यपदच देऊ केलं. तेही त्यांनी घेतलं नाही. मग कठोर तपश्चर्या केली, शरीराचा नुसता सापळा झाला. हाही मार्ग नव्हे असं दिसताच तीही सोडली. तेव्हा सोबतचे पाच जण रागावून निघून गेले.

याच सुत्तात तथागत दोन प्रकारचे शोध सांगतात. जी गोष्ट आपल्यासारखीच म्हातारी होणार, आजारी पडणार, नाश पावणार, तिच्याच मागे जन्मभर धावणं हा एक शोध. त्याची यादी मोठी बोलकी आहे: बायका-पोरं, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या, गाईघोडे, सोनंचांदी. आपण त्यात प्लॉट आणि मोटारसायकल घालायची, एवढंच. दुसरा शोध दुःखाच्या पलीकडे नेणारा, तो श्रेष्ठ. संसार करू नका, असं गृहस्थ उपासकांना तथागतांनी सांगितलं नाही. पण संसार म्हणजेच सगळं, असंही कधी सांगितलं नाही.

बोधी प्राप्त झाल्यावर तरी ते झाडाखाली बसून राहिले का? पंचेचाळीस वर्षं पायी चालले. साठ भिक्खू तयार होताच त्यांना वेगवेगळ्या दिशांना धाडलं, आणि तेही बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी.

साडेचारशे रुपयांची नोकरी

आता बाबासाहेबांकडे येऊ. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून ते लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धा झाला असतानाच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परत यावं लागलं. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून बाहेर काढण्यात आलं, हे आपण सगळे जाणतो. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार महिना साडेचारशे रुपये!

त्या काळातले साडेचारशे, वाचकहो! परळच्या चाळीत राहणाऱ्या, मोठ्या कुटुंबाचं ओझं असलेल्या माणसाच्या हातात एवढा पैसा. आपण असतो तर पहिल्याच वर्षी चाळ सोडून बंगला पाहिला असता. बाबासाहेब चाळीतच राहिले. पगारातले पैसे बाजूला टाकत गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' काढलं. मार्चमध्ये प्राध्यापकीचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली. जुलैमध्ये साठवलेले पैसे, महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज एवढ्यावर ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी. ज्या प्रबंधावर ही शेवटची पदवी मिळाली तो रुपयाच्या प्रश्नावर होता.

हे लिहिताना माता रमाईंना विसरून चालणार नाही. एका माणसाचं मोठं ध्येय घरातल्या दुसऱ्या माणसाच्या भाकरीतून वजा होत असतं. साहेब लंडनच्या ग्रंथालयात बसलेले असताना इकडे घर त्यांनी ओढलं. चार लेकरं त्यांच्या डोळ्यादेखत गेली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या, तेव्हा घटना लिहिली जायची होती, दीक्षा व्हायची होती, यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. म्हणून घरातला कर्ता पुरुष "मी समाजकार्य करतो" म्हणून छाती पुढे काढतो, तेव्हा त्याने आधी मागे वळून चुलीपुढच्या माणसाकडे बघावं, असं आम्हाला वाटतं.

पूर्णेला गाडी बदलून मिलिंदला

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हिंगोली म्हणजे छावणीचं गाव आणि परभणी जिल्ह्यातला तालुका. राज्यातलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, पण तिथलं शिक्षण उर्दूतून, आणि ते हैदराबादेत. मराठवाड्यात औरंगाबादला इंटरमिजिएटपर्यंतचं कॉलेज होतं, तेवढंच. खेड्यातल्या आपल्या पोराला चौथीच्या पुढे शाळा दिसणंही मुश्किल. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. राज्य बदललं तरी गावकुसाबाहेरची माणसं गावकुसाबाहेरच राहिली.

अशा मुलखात बाबासाहेबांनी कॉलेज काढायचं ठरवलं. ते त्या वेळी देशाचे कायदामंत्री होते. दिल्लीत घटनेचं काम, हिंदू कोड बिलाची लढाई आणि त्यात प्रकृती साथ देत नव्हती. तरी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज जून १९५० मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळालं.

ही नावं शोभेसाठी दिलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, मिनँडर. मोठमोठ्या पंडितांना प्रश्न विचारून तो गप्प करायचा, पण त्याचं स्वतःचं समाधान काही होईना. शेवटी भिक्खू नागसेनांची गाठ पडली. नागसेनांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि राजाने आपली हार मोकळ्या मनाने कबूल केली. 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ म्हणजे त्यांचाच संवाद. विचार करा, ज्यांना हजारो वर्षं तोंड उघडायची बंदी होती, त्यांच्या लेकरांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव!

हिंगोलीचं पोरगं तिथे कसं जायचं? मीटरगेजच्या गाडीने पूर्णा, पूर्णेला गाडी बदलायची, मग परभणी, जालना करत औरंगाबाद. सोबत पत्र्याची पेटी, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि कांदा-चटणी. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसलं की त्या पहिल्या पिढ्यांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. कुणाच्या बापाने शेळी विकली, कुणाच्या मायने गळ्यातली पोत मोडली. गावातले लोक हसायचे, "शिकून काय कलेक्टर व्हायलाय का?" त्या मायबापांना अर्थशास्त्र कळत नव्हतं की पदवी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण आपण ज्या जागी उभे आहोत ती शेवटची जागा नव्हे, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

मिलिंदने नुसते कारकून तयार केले नाहीत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि ते बाबासाहेबांनी पाहिलं. प्र. ई. सोनकांबळे यांचे आईबाप लहानपणीच गेले. बहिणीच्या आधाराने वाढलेलं हे पोरगं मिलिंदला शिकलं आणि तिथेच इंग्रजीचं प्राध्यापक झालं. चांगली कायमची नोकरी होती, गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांनी 'आठवणींचे पक्षी' लिहिलं. १९७९ साली ते पुस्तक निघालं आणि आपल्यासारख्यांचं उपाशी बालपण मराठी वाचकांपुढे आलं. त्याच नागसेनवनात शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात लेखणी दिली. यांतल्या कुणालाही नोकरीने तृप्त करून झोपवलं नाही.

सवलत की ओळख?

१४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आपण दरवर्षी साजरी करतो. पण त्या दीक्षेची किंमत काय होती, हे नव्या पोरांना माहीत नसतं. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. पुढे १९५६ साली शिखांचा समावेश झाला. बौद्ध म्हणून नाव लिहिलं की केंद्राच्या सवलती आणि राखीव जागा हातच्या जायच्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या, पण केंद्राचा दरवाजा बंदच राहिला. तो उघडला १९९० साली. म्हणजे चौतीस वर्षांनी!

आणि तरीही लोकांनी काय केलं? आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ च्या जनगणनेत ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं, "लिवा, बौद्ध." नुकसान होईल, असं त्याला सांगणारे शहाणे गावात होतेच. ते खोटं बोलत होते असंही नाही; नुकसान झालंच. पण पोटापेक्षा मोठं काहीतरी असतं, हे त्या निरक्षर माणसाला कळलं होतं. कुणी दोन्ही दगडांवर पाय ठेवून कागदावर एक आणि घरात एक असं केलं, त्यांनाही आम्ही दोष देत नाही. लेकरांच्या शिक्षणासाठी माणूस काय काय करतो. पण इतिहास पुढे सरकला तो ज्यांनी सरळ लिहिलं त्यांच्यामुळे.

सोळा वर्षांची वाट

नामांतराचं तेच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जाळली, माणसं गावातून परागंदा झाली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. मोर्चे, तुरुंग, लाठ्या असं करत सोळा वर्षं गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

त्या वेळी विचारणारे विचारायचे, "नावाने काय पोट भरतं का?" नाही भरत. पण ज्याला बाकावर बसू दिलं नाही त्याचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर लागावं, यासाठी ज्यांनी घरं जळताना पाहिली, त्यांना पोट कळत नव्हतं असं थोडंच आहे? गंमत अशी की त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि आपला भाग तिकडे जोडला गेला. म्हणजे ज्या नावासाठी आपल्या लोकांनी मार खाल्ला, ते नाव आपल्या पोरांच्या पदवीवर येईनासं झालं. पण त्याबद्दल कुणी जुना कार्यकर्ता हळहळताना आम्ही पाहिला नाही. लढा आपल्या पदरात काय पडतं यासाठी नव्हताच.

आता आपली पाळी

१ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कॉलेजं आली. २००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झालं. पूर्णेला गाडी बदलून औरंगाबाद गाठायची ती जुनी मीटरगेज आठवणीत गेली. आपली मुलं पुण्याला, हैदराबादला जातात. हे सगळं चांगलंच झालं. गरिबीचं कौतुक करणारे आम्ही नव्हेत.

पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेब काय बोलले, ते विसरता येत नाही. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, शिकून ते समाजाची सेवा करतील असं वाटलं होतं, पण ते स्वतःचं पोट भरण्यात गुंतले, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली. त्यानंतर नऊ महिनेही ते राहिले नाहीत. ही तक्रार कुणाविरुद्ध होती? शेतमजुराविरुद्ध नव्हती. शाळा शिकलेल्या, नोकरी लागलेल्या, आमच्या-तुमच्यासारख्या माणसाविरुद्ध होती.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचंच सांगतो. हा लेख लिहिण्यासाठी विहारातल्या कपाटातलं एक पुस्तक हवं होतं. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे तीन माणसांना विचारावं लागलं. चौथ्याच्या घरी ती सापडली, खिळ्याला टांगलेली. कपाट उघडलं तर वरच्या फळीवर धुळीचा थर. जयंतीला आम्ही हजारोंची वर्गणी जमवतो, डीजे सांगतो. आणि ज्याने लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी दिवस काढले, त्याचे ग्रंथ कुलपात. हा दोष आमचा आहे, कमिटीत आम्हीही आहोत.

मोठं ध्येय म्हणजे सगळ्यांनी घरदार सोडावं असं नाही. बाबासाहेबांनी नोकरी केलीच की. तिला त्यांनी शिडी केली, खाट केली नाही. एवढा फरक आपल्याला करता आला तरी पुष्कळ. ज्याला नोकरी आहे त्याने खेड्यातल्या एका पोराची वर्षाची फी उचलावी. जी शिक्षिका आहे तिने आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात मुलींचं गणित घ्यावं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं, तेव्हा हात जोडून ऐकण्यासोबत प्रश्नही विचारावेत. नागसेनांना राजाचे प्रश्न चालले, तर आपल्या भंतेजींनाही चालतील. आणि नामांतरात तुरुंगात गेलेली, मिलिंदला पेटी घेऊन गेलेली जी माणसं अजून हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांचं बोलणं वहीत उतरवून घ्यावं. दरवर्षी त्यांतलं कुणीतरी कमी होतंय.

वाटेत मुक्काम करावाच लागतो. भाकर खायची, पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे. पण सकाळी पेटी उचलायची विसरलो, तर ज्यांनी शेळी विकून आपल्याला गाडीत बसवलं त्यांना काय सांगणार?

कपाटाची किल्ली आता विहारातच, दाराच्या आतल्या खिळ्याला लावून ठेवली आहे. कुणालाही विचारायची गरज नाही. या, आणि उघडा.

जय भीम!